बत्तीस किलोबाइटचे बिऱ्हाड

मुंबईत खार स्थानकावरून पश्चिमेला समुद्राच्या दिशेने निघाले, की इमारतींची रांग संपता संपता सुकत घातलेल्या मासळीचा वास येऊ लागतो. हा खारदांड्याचा कोळीवाडा. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तेथून जवळच असलेल्या एका शाळेत आम्ही गणित शिकवीत होतो. प्रयोगशाळेशेजारच्या सामानाच्या खोलीत आमचे दोन संगणक मांडले होते. खारी हवा लागू नये म्हणून त्यांच्यावर जुनी चादर घातलेली असे.

त्या वर्षी वार्षिक निकाल संगणकावर करावा, अशी हौस आम्हाला आली. ६० विद्यार्थी, ८ विषय, ४ परीक्षा. आज्ञावली आम्हीच लिहिली होती. शाळा सुटल्यावर एक सहकारी गुणपत्रक वाचून दाखवू लागले आणि आम्ही कळफलकावर गुण भरू लागलो. चाळिसाच्या पुढचा कोणता तरी क्रमांक चालू असताना काम थांबले आणि पडद्यावर दोनच शब्द उमटले : 'नो रूम'. आम्ही घाबरून पुन्हा 'रन' अशी आज्ञा दिली. ही आज्ञा मिळाली की यंत्र आधीची सर्व चलपदे पुसून पहिल्यापासून सुरुवात करते, हे आम्हाला ठाऊक होते. पण त्या क्षणी आठवले नाही. दोन तासांचे काम गेले. निकाल त्या रात्री हातानेच तयार झाला.

दुसऱ्या दिवशी ही हकीकत वर्गात सांगितली तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, त्याच्याकडे पण आमच्यासारखी एकच खोली असेल!" वर्ग हसला. बोलणारा मुलगा दांड्याचा होता. एकाच खोलीत सकाळी स्वयंपाक, दुपारी जाळी विणणे, संध्याकाळी अभ्यास आणि रात्री सहा माणसांची अंथरुणे कशी मावतात, हे त्याला कोणी शिकवायला नको होते. त्याचे ते वाक्य पुढे आमच्या बरेच उपयोगी पडले.

ही यंत्रे शाळेत आली कशी, ते आधी सांगायला हवे. ब्रिटनमध्ये बीबीसीने लोकांना संगणकाची ओळख करून देण्याचा एक प्रकल्प हाती घेतला होता. त्यातली दूरचित्रवाणी मालिका जानेवारी १९८२ मध्ये सुरू झाली. तिच्या जोडीला घरात आणि शाळेत वापरता येईल असा संगणक हवा होता. तो केंब्रिजच्या एकॉर्न या कंपनीने बनवला आणि 'बीबीसी मायक्रो' या नावाने १९८१ च्या अखेरीस बाजारात आला. भारत सरकारने १९८४-८५ मध्ये शाळांसाठी 'क्लास' हा संगणक साक्षरता प्रकल्प सुरू केला, तेव्हा हेच यंत्र निवडले गेले. पहिल्या वर्षी सुमारे अडीचशे शाळांत ते पोहोचले. पुढे सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कंपनीने परवाना घेऊन त्याची भारतीय आवृत्ती 'युनिकॉर्न' या नावाने काढली. घरगुती वापरासाठी डेसिबेल्स या कंपनीने सिंक्लेअरच्या स्पेक्ट्रमची परवानाधारक आवृत्ती 'डीबी स्पेक्ट्रम' म्हणून आणली. हा घरच्या टीव्हीला जोडायचा आणि आज्ञावली कॅसेट टेपरेकॉर्डरवर साठवायची. त्या काळी ज्यांनी संगणक प्रथम हाताळला, त्यांच्यापैकी अनेकांच्या आठवणीत या दोहोंपैकी एक यंत्र असते.

बीबीसी मायक्रोच्या 'बी' प्रकारात कामाची स्मृती, म्हणजे रॅम, ३२ किलोबाइट होती. आजच्या ८ गिगाबाइटच्या मोबाइल फोनमध्ये तिच्या अडीच लाखांहून अधिक पट स्मृती असते. ही स्मृती १६ चिपांमध्ये विभागलेली होती आणि प्रत्येक चिपमध्ये १६,३८४ बिट मावत. १६ ला १६,३८४ ने गुणून ८ ने भागले की ३२,७६८ बाइट येतात. यंत्राच्या प्रक्रियकाला, ६५०२ या चिपला, ६५,५३६ पत्ते ओळखता येत. त्यांतले निम्मे या रॅमला दिलेले होते. उरलेल्या निम्म्यात बेसिक भाषा आणि यंत्राची अंतर्गत व्यवस्था कायम स्मृतीत, म्हणजे रॉममध्ये, बसवलेली होती.

आता ३२,७६८ बाइटांचा जमाखर्च पाहू. पहिले ३,५८४ बाइट यंत्र स्वतःच्या कामासाठी ठेवून घेई. फ्लॉपी जोडली, की तिच्या व्यवहारासाठी आणखी २,८१६ जात. म्हणजे ६,४०० बाइट दाराशीच संपले. दुसऱ्या टोकाकडून पडदा जागा घेई. पडद्यावर जे दिसते तेसुद्धा याच रॅममध्ये ठेवावे लागे, हे आमच्या लक्षात फार उशिरा आले.

पडद्याचे आठ प्रकार होते. त्यांना मोड म्हणत. मोड १ मध्ये आडवे ३२० आणि उभे २५६ ठिपके आणि चार रंग. ठिपके झाले ८१,९२०. चार रंगांतला एक सांगायला दोन बिट लागतात, म्हणून १,६३,८४० बिट, म्हणजेच २०,४८० बाइट. मोड ० मध्ये ठिपके दुप्पट, पण रंग दोनच. मोड २ मध्ये ठिपके निम्मे, पण त्यांना १६ वेगळे रंगक्रमांक. तिन्हींचे उत्तर २०,४८० च येते. विद्यार्थ्यांना हे गणित जरूर घालावे. फळ्यावर तीन वेगळे गुणाकार करून एकच उत्तर आलेले पाहिले, की ठिपका आणि रंग यांतला सौदा त्यांना आपोआप कळतो.

फ्लॉपी जोडलेल्या यंत्रावर मोड १ घेतला, तर आज्ञावली आणि माहिती या दोहोंसाठी मिळून ५,८८८ बाइट उरत. बत्तीस हजारांच्या घरात राहायला सहा हजारसुद्धा नाहीत! याउलट मोड ७ मध्ये फक्त अक्षरे असत, ४० स्तंभ आणि २५ ओळी. प्रत्येक अक्षराला एक बाइट, मिळून १,००० आणि थोडे वर. या मोडमध्ये पूर्ण २५,३४४ बाइट मोकळे राहत. अक्षराचा आकार रॅममध्ये नसे. त्यासाठी वेगळी चिप होती आणि आकार तिच्यात कारखान्यातच कोरलेले असत. या चिपकडे पुढे पुन्हा यायचे आहे.

आमची निकालाची आज्ञावली मोड ७ मध्येच चालत होती. तरीही जागा संपली, ती आमच्या अडाणीपणामुळे. आम्ही गुणांसाठी ६०, ८ आणि ४ अशा मापांची सारणी मागितली होती. बीबीसी बेसिक शून्यापासून मोजते, म्हणून तिने ६१ गुणिले ९ गुणिले ५, म्हणजे २,७४५ घरे दिली. आम्ही साधी चलपदे वापरल्यामुळे प्रत्येक घरात दशांश संख्या मावेल इतकी, म्हणजे ५ बाइटांची जागा राखली गेली. एकूण १३,७२५ बाइट. सत्तावीस गुण मिळालेल्या मुलासाठी आम्ही कोटी-अब्जांच्या संख्येची कोठी बांधली होती.

गुण शंभराच्या वर जात नाहीत. एका बाइटमध्ये ० ते २५५ यांतली कोणतीही संख्या मावते. तेव्हा एका गुणाला एक बाइट पुरे. ६० गुणिले ८ गुणिले ४ म्हणजे १,९२० बाइटांचा सलग पट्टा राखायचा आणि कोणाचा गुण कुठे आहे ते सूत्राने काढायचे. परीक्षेच्या क्रमांकाला ६० ने गुणा, त्यात विद्यार्थ्याचा क्रमांक मिळवा, बेरजेला ८ ने गुणा, त्यात विषयाचा क्रमांक मिळवा. सर्व क्रमांक शून्यापासून धरले, तर शेवटचे स्थान १,९१९ येते. एकक, दशक, शतक यांचेच हे तत्त्व. फक्त दहाच्या जागी ८ आणि ६० आले. स्थानिक किंमत शिकवताना यापेक्षा चांगले उदाहरण आम्हाला अजून मिळालेले नाही. १०१ ते २५५ या संख्या मोकळ्याच होत्या. त्यांतली २५५ आम्ही 'गैरहजर' यासाठी राखली. शून्य गुण आणि गैरहजेरी यांत फरक असतो, हे गुणपत्रक लिहिणाऱ्या शिक्षकाला सांगायला नको.

नावांची गोष्ट थोडी निराळी. एखादे नाव साठवल्यावर त्यात वडिलांचे नाव आणि आडनाव जोडले, की ते आधीच्या जागेत मावत नाही. मग बेसिक त्याला नवी जागा देते आणि जुनी तशीच वाया जाते. ती परत घेतली जात नाही. यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक नावासाठी आरंभीच तीस-चाळीस अक्षरांची रिकामी जागा धरून ठेवायची. पाहुणे येणार हे ठाऊक असेल, तर सतरंजी आधीच पूर्ण पसरावी, तसे हे.

स्पेक्ट्रमवर वेगळ्या युक्त्या चालत. त्याच्या बेसिकमध्ये आज्ञावलीत '१' हा अंक लिहिला, की अंकाचे एक, खुणेचे एक आणि संख्येच्या गुप्त प्रतीचे पाच असे सात बाइट खर्च होत. म्हणून जाणकार मंडळी '१' ऐवजी 'पाय या संख्येचे चिन्ह' असे लिहीत. पाय धन आहे, म्हणून उत्तर १ येई आणि खर्च फक्त दोन बाइटांचा. तीन हवे असतील तर पायचा पूर्णांक घ्यायचा. पुस्तकात ही लेखनपद्धती कोणी मान्य करणार नाही, आणि आम्हीही वर्गात तिचा पुरस्कार करीत नाही. पण पायचा असा उपयोग आर्किमिडीजच्या स्वप्नातही आला नसेल.

केंब्रिजमध्ये शिकणाऱ्या इयन बेल आणि डेव्हिड ब्रेबन यांनी १९८४ मध्ये बीबीसी मायक्रोवर 'एलिट' हा खेळ लिहिला. त्यात आठ आकाशगंगा आणि प्रत्येकीत २५६ तारे होते. या २,०४८ जगांची नावे, जागा, राज्यव्यवस्था, व्यापार हे सारे साठवायला रॅम कुठून आणणार? त्यांनी ते साठवलेच नाही. सहा बाइटांत मावणाऱ्या तीन संख्या घेतल्या, तिघींची बेरीज करून नवी संख्या काढायची आणि हीच क्रिया पुढे चालवायची. निघणाऱ्या संख्यांवरून प्रत्येक ताऱ्याचे वर्णन ठरे. एकाच बीजापासून दर वेळी तेच विश्व उगवे. जे पुन्हा काढता येते ते साठवू नये, हे तत्त्व आम्ही या खेळाकडूनच शिकलो. आमच्या निकालात बेरजा आणि टक्केवारीही साठवली जात होती. ती लगेच काढून टाकली.

इथवर सगळे ठीक चालले होते. मग एके दिवशी त्याच मागच्या बाकावरच्या मुलाने विचारले, "सर, आमच्या गावाचं नाव मराठीत येईल का याच्यावर?"

प्रश्न लहान होता; उत्तराला महिना लागला. मोड ७ मध्ये मराठी येणे शक्य नव्हते, कारण अक्षरे कोरलेल्या त्या चिपमध्ये रोमन लिपीच होती. मराठीसाठी ठिपक्यांचा मोड घ्यावा लागणार. मोड ६ जरा स्वस्त होता, पण त्यात अक्षरांच्या दोन ओळींमध्ये कोरी पट्टी राहते; तीत मात्रा वेगळी आणि अक्षर वेगळे झाले असते. म्हणून मोड ४ घेतला, त्याला १०,२४० बाइट. मोकळी जागा २५,३४४ वरून १६,१२८ वर आली. पडद्यावर एकही अक्षर उमटण्यापूर्वीच मराठीला ९,२१६ बाइट मोजावे लागले.

खर्च तेथेही थांबला नाही. इंग्रजी अक्षरांचे आकार यंत्राच्या कायम स्मृतीत फुकट मिळत. आपले आकार आपणच आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटीत काढायचे, प्रत्येकी ८ बाइट. असे ३२ आकार ठेवण्याची सोय यंत्रात आधीपासून होती. मराठी वर्णमालेत क्ष आणि ज्ञ धरून व्यंजनेच ३६ होतात. स्वर, काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरे निराळीच. पुढच्या प्रत्येक ३२ आकारांसाठी रॅममधून २५६ बाइट द्यावे लागत. शिवाय वरची मात्रा, मधले अक्षर आणि खालचा उकार मिळून मराठीची एक ओळ पडद्याच्या तीन ओळी खाई. ३२ ओळींच्या पडद्यावर मराठीच्या दहाच ओळी बसत.

मुलांनी आलेखाच्या कागदावर अक्षरे काढली आणि एका शनिवारी गावाचे नाव पडद्यावर आले. वर्गातल्या एका मुलीने ते मोठ्याने वाचले, "रवारदांडा". ख आठ ठिपक्यांच्या रुंदीत बसवताना त्याच्यातला र आणि व यांची गाठ सुटली होती. ती बांधायला ठिपकाच उरला नव्हता. त्या मुलाचा चेहरा उतरला. आम्ही दोन-तीन दिवस निरनिराळे ख काढून पाहिले. एकही नीट जमला नाही.

सुटकेचा मार्ग दाखवला तो शाळेच्या कार्यालयातल्या कारकुनांनी. संगणकाशी त्यांचा काही संबंध नव्हता. ते वर्षानुवर्षे मराठी टंकलेखन यंत्रावर परिपत्रके बडवीत आले होते. आमची अडचण ऐकून ते म्हणाले, "अहो सर, आमच्या मशीनवर पूर्ण ख आहेच कुठे? अर्धा ख मारायचा आणि पुढे काना." टंकलेखन यंत्राला कळा मोजक्याच असतात. म्हणून ख, ग, घ, च, त, न, प, म अशी शेवटी उभी रेघ असणारी अक्षरे तेथे अर्धी ठेवलेली असतात आणि काना जोडून ती पूर्ण करतात. जोडाक्षरासाठी तीच अर्धी कामाला येतात. कळांच्या टंचाईवरची ही तोड बाइटांच्या टंचाईवरही तशीच लागू पडली. अर्धा ख एका चौकटीत ऐसपैस मावला आणि काना दुसऱ्या चौकटीत गेला. काना आधीच केलेला होता, त्यामुळे नव्या आकाराचा खर्च शून्य. जोडाक्षरांसाठी वेगळी अर्धी अक्षरे काढायची होती, तीही वाचली. ९६ आकारांत आमची मराठी भागली. त्यांपैकी ६४ जादा आकारांचे ५१२ बाइट वजा जाता १५,६१६ बाइट हाती राहिले.

हाच प्रश्न मोठ्या पातळीवरही सोडवला जात होता. आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय लिप्यांसाठी 'जिस्ट' हे तंत्र विकसित केले. १९८८ मध्ये पुण्याला सी-डॅक स्थापन झाल्यावर ते काम तेथे पुढे चालले. जिस्ट कार्ड संगणकात बसवले, की लिपी दाखवण्याचा भार ते कार्ड स्वतःच्या अंगावर घेई. इंग्रजीला जी चिप आरंभापासून मिळाली होती, ती आपल्या लिप्यांना अशी वेगळी विकत घेऊन बसवावी लागली. 'इस्की' ही सांकेतिक पद्धती १९९१ मध्ये भारतीय मानक झाली. तिच्यात आकार साठवत नाहीत, वर्ण साठवतात. 'खारदांडा' म्हणजे ख, काना, र, द, काना, अनुस्वार, ड, काना : आठ वर्ण, आठ बाइट. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. युनिकोड आज सर्वत्र ज्या यूटीएफ-८ स्वरूपात वापरतात, त्यात देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला तीन बाइट लागतात. खारदांड्याचे चोवीस झाले. गिगाबाइटांच्या राज्यात त्याचे कोणाला काही वाटत नाही, आणि वाटूही नये. मात्र मोबाइलवरच्या साध्या एसएमएसमध्ये १४० बाइटच असतात. त्यात इंग्रजीची १६० अक्षरे मावतात आणि मराठीचे ७० वर्ण. काना, मात्रा, अनुस्वार हे प्रत्येकी वेगळे मोजले जातात.

शाळेत बीबीसी मायक्रो नसला तरी वर्गात करण्यासारखा भाग शिल्लक आहे. आलेखाच्या कागदावर आठ बाय आठ घरे आखावीत. डावीकडून उभ्या स्तंभांना १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १ अशा किमती द्याव्यात. भरलेल्या घरांच्या किमतींची प्रत्येक आडव्या ओळीत बेरीज करावी. काना असा येतो : वरची शिरोरेघ २५५ आणि खाली सात वेळा २४. अनुस्वाराची चौकट याच्यावर येते. तिच्यात पाच ओळी शून्य, मग दोन वेळा २४ आणि शेवटी शून्य. आता विद्यार्थ्यांना आपापल्या गावाचे नाव काढायला सांगावे आणि आठ-आठ संख्यांचा फक्त तक्ता शेजारच्या वर्गाकडे पाठवावा. त्यांनी तो पुन्हा घरांत भरून काय वाचले, ते विचारावे. ज्यांच्या गावाच्या नावात ख आहे, त्यांना तो आधी एकाच चौकटीत बसवू द्यावा.